पाणी उकळले म्हणजे गॅस्केट गेले असे नव्हे

पाली (जि. बीड) : बीड शहरातून सोलापूरच्या दिशेने निघालेला भरलेला ट्रक दहा-बारा किलोमीटरवर पाली गाव ओलांडतो. बिंदुसरा धरणाचा परिसर मागे पडतो आणि बालाघाटाच्या रांगेतील मांजरसुंब्याच्या घाटाची चढण सुरू होते. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २११ आता ५२ झाला, रस्ता चौपदरी झाला. चढ मात्र तोच राहिला. याच चढावर चालकाची नजर उष्णतेच्या काट्यावर खिळते. काटा तांबड्या पट्ट्यात शिरतो, रेडिएटरच्या झाकणातून वाफ फुसफुसते आणि ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहतो. मग कोणीतरी जाणकार एका वाक्यात निकाल देऊन मोकळा होतो, ‘हेड गॅस्केट उडाले!’

हा निकाल अनेकदा बरोबर असतो आणि तितक्याच सहजपणे चुकीचाही ठरू शकतो. गॅस्केट ही वस्तू इंजिनाच्या मानाने स्वस्त. परंतु ती बदलण्यासाठी हेड उतरवावे लागते आणि एकदा हेड उतरले की ट्रक काही दिवस गॅरेजमध्ये अडकलाच. बीड जिल्ह्याच्या दृष्टीने हे काही दिवस फार मोलाचे असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येथून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाने उचल वाटलेली असते, वाहनमालकाने कारखान्याशी करार केलेला असतो आणि ट्रकच्या कर्जाचे हप्ते कोणासाठी थांबत नाहीत. तोडलेला ऊस वाटेत खोळंबला तर वाळतो, वजन घटते आणि साखरेचा उताराही कमी होतो. बीड शहरात रेल्वे आली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. तोपर्यंत या शहराचा बहुतेक माल चाकांवरच आला आणि गेला. साहजिकच, ट्रकचे इंजिन खोलावे की खोलू नये हा येथे अनेक घरांच्या हंगामाचा प्रश्न ठरतो.

चुकीचा निकाल दोन्ही बाजूंनी महाग पडतो. गॅस्केट शाबूत असताना हेड उतरवले तर वेळ आणि पैसा वाया जातो, मूळ दोष तसाच राहतो आणि पुढच्या घाटात पाणी पुन्हा उकळते. उलट, गॅस्केट खरोखरच गेलेले असताना ‘पाणी ओतत ओतत’ गाडी दामटली, तर हेड वाकते, त्याला चीर पडते किंवा पाणी ऑइलमध्ये मिसळून बेअरिंग जातात. म्हणून डॉक्टर जसे शस्त्रक्रियेपूर्वी तपासण्या करतात, तसेच हेडला पाना लावण्यापूर्वी पुरावा गोळा करायला हवा. हा पुरावा कसा मिळवायचा, हे समजून घेण्यासारखे आहे.

एका पातळ पत्र्यावरची जबाबदारी

इंजिनाचा खालचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्यात सिलिंडर असतात आणि पिस्टन वर-खाली होतात. त्यावर झाकणासारखे बसते ते हेड. त्यात व्हॉल्व्ह आणि नोझल असतात. या दोन जड धातूंच्या सांध्यात दाबून बसवलेला पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. पूर्वी त्यात अ‍ॅसबेस्टॉस वापरले जात असे. आता अनेक इंजिनांत पोलादी पत्र्यांचे थर एकावर एक असतात. या एका थराला तीन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवायच्या असतात : सिलिंडरमधला जळता वायू, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे ऑइल.

डिझेल इंजिनात हे काम अधिक कठीण होते. पेट्रोल इंजिनाप्रमाणे येथे ठिणगी नसते. हवा मूळच्या आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. ज्वलनाच्या क्षणी जुन्या धाटणीच्या इंजिनातही दाब १०० बारच्या आसपास किंवा त्याहून वर जातो; नव्या टर्बो इंजिनांत तो १५० ते २०० बारपर्यंत पोहोचतो. ट्रकच्या टायरमध्ये हवा असते सुमारे ८ बार, यावरून कल्पना यावी. शेजारच्या पाण्याच्या वाटेत दाब असतो जेमतेम एक बार.

या आकड्यांतच निदानाची किल्ली आहे. इंजिन चालू असताना सिलिंडरमधला दाब कित्येक पटींनी जास्त असल्यामुळे फटीतून वायू पाण्यात घुसतो. इंजिन बंद केले की चित्र उलटते. सिलिंडर निवतो, पण तापलेल्या पाण्यातला दाब काही काळ टिकतो आणि तेच पाणी फटीतून सिलिंडरमध्ये उतरते. म्हणूनच गॅस्केटच्या दुखण्याची काही लक्षणे गाडी चालताना दिसतात, तर काही दुसऱ्या दिवशी सकाळी.

आधी निर्दोषांना वगळा

इंजिन तापण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यातील बहुतेक हेडच्या बाहेर असतात. रेडिएटरच्या जाळीत उसाचे पाचट, धूळ आणि किडे अडकले तर हवाच आत जात नाही. पंख्याचा पट्टा सैल झाला, पाण्याचा पंप झिजला, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला किंवा रबरी पाइप आतून सोलून चिकटला, तरी काटा वर चढतो.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित संशयित म्हणजे रेडिएटरचे झाकण. ते प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे काम करते. झाकणाने एक बारच्या आसपास दाब धरला तर पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेले, की तेच पाणी १०० अंशांच्या आसपास उकळू लागते. इंजिन निरोगी असूनही वाफ दिसते आणि दोष गॅस्केटच्या माथी मारला जातो.

आणखी एक कारण पाण्यातच दडलेले असते. योग्य प्रमाणातील कुलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतले, तर चहाच्या भांड्याला धरतो तसा थर रेडिएटरच्या नळ्यांना आणि ब्लॉकच्या आतील वाटांना धरतो. उष्णता बाहेर पडत नाही, इंजिन वारंवार तापते आणि अखेर गॅस्केट खरोखरच जाते. अशा ठिकाणी केवळ गॅस्केट बदलून भागत नाही, कारण ते जाण्याचे कारण तसेच शिल्लक असते.

थंड इंजिनाची साक्ष

पहिली खरी चाचणी पैसे न लागणारी आहे. मात्र ती रात्रभर उभ्या, पूर्ण थंड झालेल्या इंजिनावरच करायची. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे उकळत्या पाण्याचा फवारा अंगावर घेणे होय.

सकाळी सर्वप्रथम ऑइल पाहावे. पट्टीवरचे ऑइल दुधाळ किंवा चहासारखे दिसते का? ऑइलची पातळी आपोआप वाढली आहे का? पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे रात्रभरात चेंबरच्या तळाशी बसते. तळाचा नट जपून थोडा सैल केल्यावर ऑइलआधी पाणी ठिबकले, तर पाणी आत शिरल्याचा तो सरळ पुरावा. तथापि, ऑइल ओतण्याच्या टोपणाखाली पावसाळ्यात किंवा थंडीत दिसणारी थोडीशी साय हा पुरावा नव्हे. गाडी थोड्याच अंतरासाठी वापरली तर हवेतील बाष्प गोठूनही ती धरते. ऑइलमध्ये पाणी खरोखर आढळले, तर मात्र इंजिन सुरू करू नये.

त्यानंतर झाकण काढून रेडिएटर गळ्यापर्यंत भरावा आणि इंजिन सुरू करावे. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येणे स्वाभाविक आहे. पाणी अजून कोमटही झालेले नसताना बुडबुड्यांची अखंड धार लागली किंवा गळ्यातून पाणी उसळून बाहेर पडू लागले, तर सिलिंडरचा वायू पाण्यात येत असल्याचा संशय बळावतो. याचेच दुसरे रूप असे : झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा रबरी पाइप दगडासारखा कडक होतो. पाणी तापण्याआधीच आलेला हा दाब वाफेचा असू शकत नाही. तो दुसरीकडूनच आलेला असतो.

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात अनुभवी मिस्त्री याच्याही पुढे जातात. ते एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून त्या सिलिंडरचे डिझेल तोडतात. ज्याचे डिझेल तोडल्यावर बुडबुडे लक्षणीय कमी होतात, तो सिलिंडर दोषी. बुडबुडे पूर्ण थांबतीलच असे नाही, कारण ज्वलन नसले तरी हवा दाबली जातच असते. ही युक्ती कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनावर मात्र कधीही करू नये. तेथे डिझेलचा दाब १००० बारच्या पुढे असतो आणि सैल नटातून निघालेली बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते. अशा जखमेने हात गमावण्याची वेळ येते.

बुडबुड्यांचा दुसरा धनी

ट्रकच्या बाबतीत एक फसगत अशी आहे, की जी मोटारीत होत नाही. ट्रकला हवेचे ब्रेक असतात आणि त्यांना हवा पुरवणारा कॉम्प्रेसर इंजिनावर बसवलेला असतो. अनेक ट्रकांत या कॉम्प्रेसरचे डोके इंजिनाच्याच पाण्याने थंड केले जाते. त्याचे छोटे गॅस्केट फाटले किंवा डोक्याला चीर गेली, की दाबाखालची हवा थेट पाण्यात शिरते. रेडिएटरमध्ये बुडबुडे, कडक पाइप, उसळणारे पाणी, सारे काही हेड गॅस्केटसारखेच! फरक एवढाच, की ही हवा स्वच्छ असते. तिला जळक्या धुराचा वास नसतो. कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या पाण्याच्या दोन्ही वाटा तात्पुरत्या बंद करून थोडा वेळ इंजिन चालवले आणि बुडबुडे थांबले, तर हेड उतरवण्याची गरजच उरत नाही.

पाण्याच्या पंपाचे सील झिजले तरी पंप बाहेरची हवा ओढून घेतो. पंप पट्ट्यावर चालत असेल तर थंड इंजिनाचा पट्टा काढून जेमतेम मिनिटभर इंजिन चालवावे. पंप थांबूनही बुडबुडे येत राहिले, तर पंप निर्दोष ठरतो.

ऑइलच्या बाबतीतही असाच एक तोतया आहे. रेडिएटरच्या पाण्यावर काळसर किंवा चॉकलेटी तवंग दिसला की गॅस्केटवर ठपका येतो. पण मोठ्या डिझेल इंजिनांत ऑइल थंड करणारा कूलर असतो आणि त्यात पाणी व ऑइल पातळ भिंतीच्या दोन बाजूंनी वाहतात. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब पाण्याहून जास्त असल्यामुळे भिंत फुटली, की ऑइल पाण्यात जाते. उलट, चेंबरमध्ये पाणी येण्यामागे ओल्या लायनरच्या तळाशी असलेल्या रबरी कड्याही असू शकतात. त्यांचा दोष असेल तर वरचे गॅस्केट बदलून काहीच साधत नाही.

पांढऱ्या धुराचे दोन अर्थ

सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला की पाणी जळते आहे, असे सरसकट मानले जाते. डिझेल इंजिनात ही समजूत अपुरी आहे. थंड इंजिनात किंवा बिघडलेल्या नोझलमुळे न जळलेले डिझेलही पांढऱ्या धुराच्या रूपानेच बाहेर पडते. त्याचा वास उग्र असतो, डोळे चुरचुरतात आणि तो हवेत रेंगाळतो. पाण्याची वाफ मात्र लवकर विरते. कुलंट असेल तर तिला किंचित गोडसर वास येतो. इंजिन पूर्ण तापल्यावरही वाफेचा लोट थांबत नसेल आणि रेडिएटरमधले पाणी रोज कमी होत असेल, तर संशय रास्त आहे.

येथेही नव्या ट्रकांनी एक पर्याय वाढवला आहे. देशभर २०१७ मध्ये बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. धुरातील घातक वायू कमी करण्यासाठी अनेक इंजिनांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला जातो. हा धूर थंड करणारा ईजीआर कूलर आतून फुटला, तर पाणी बाहेर कोठेही न गळता नाहीसे होते आणि पांढरी वाफ दिसते. हेड उतरवण्यापूर्वी त्याची स्वतंत्र तपासणी व्हायला हवी.

अंतिम पुरावा

संशय पक्का करण्यासाठी गॅरेजमध्ये चार साधने उपयोगी पडतात. पहिले, हातपंप. रेडिएटरच्या गळ्यावर तो बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरायची आणि वाट पाहायची. दाब उतरत असेल आणि बाहेर कोठेही थेंब दिसत नसेल, तर गळती आत आहे.

दुसरे, रासायनिक चाचणी. रेडिएटरच्या गळ्यातील हवा ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रवातून ओढली जाते. त्या हवेत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग हिरवट-पिवळा होतो. ही चाचणी डिझेलवर करताना सावधगिरी हवी. डिझेल इंजिन उभ्या जागी चालताना गरजेहून खूप जास्त हवा घेते, त्यामुळे त्याच्या धुरात कार्बन डायऑक्साइड थोडाच असतो. परिणामी दोष असूनही रंग न बदलण्याची शक्यता असते. इंजिनावर ताण देऊन ही चाचणी घेतली तरच तिच्यावर विसंबावे. कॉम्प्रेसरची हवा आणि सिलिंडरचा वायू यांच्यातला भेदही हीच चाचणी दाखवते.

तिसरे, कॉम्प्रेशन मोजणे. निरोगी डिझेल सिलिंडरमध्ये हा दाब ढोबळमानाने २५ ते ३५ बार भरतो. पेट्रोल इंजिनाचे मापक त्यासाठी चालत नाही. एका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम पडलेला असेल, तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळाली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पाणी, ऑइल दोन्ही स्वच्छ असतात. गाडी फक्त ओढत नाही आणि अडखळत चालते.

चौथी चाचणी सर्वांत बोलकी आहे. पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना नोझलच्या जागेतून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि ती कोठून निघते ते ऐकायचे. सायलेन्सरमधून किंवा हवेच्या फिल्टरकडून आवाज आला तर दोष व्हॉल्व्हचा. ऑइलच्या टोपणातून फुसफुस आली तर रिंगांचा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट गेले आहे, किंवा हेड वा लायनर चिरला आहे. हवा भरताना इंजिन झटक्याने फिरू शकते, म्हणून पंख्याजवळ हात असता कामा नये.

गॅस्केट आणि चीर यांतील निवाडा मात्र हेड उतरवल्यावरच होतो.

चढावर काय करावे?

काटा तांबड्यात जाऊ लागताच गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी. वाफ उसळत नसेल तर भार काढून इंजिन एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवणे हिताचे असते. एकदम बंद केल्यास पाणी फिरणे थांबते आणि हेडमधली उष्णता तेथेच कोंडते. पाणी पूर्ण गेले असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे. लाल झालेल्या इंजिनावर बादलीभर थंड पाणी ओतण्याची जुनी खोड हेडला चीर पाडणारी आहे. अर्धा-पाऊण तास थांबणे हाच खरा इलाज.

रात्रभर पाणी सिलिंडरमध्ये उतरल्याचा संशय असेल तर सकाळी थेट चावी फिरवू नये. पाणी दाबले जात नाही. स्टार्टरच्या एका झटक्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नोझल काढून इंजिन हाताने फिरवल्यास पाणी भोकातून बाहेर येते. नुकसान टळते आणि दोषी सिलिंडरही कळतो.

हेड उतरवण्याची वेळ आलीच, तर मालकाने तेथे उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फट मापकाने मोजली का? लायनर ब्लॉकच्या वर कंपनीने सांगितलेल्या मापाइतकाच आहे का? बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळले का? काढलेले गॅस्केट पुन्हा बसवायचे नसते. ज्या इंजिनांत बोल्ट एकदाच वापरायचे असतात तेथे तेही नवेच घ्यावे लागतात. जुने गॅस्केट खरवडताना त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. जुन्या इंजिनात ते अ‍ॅसबेस्टॉसचे असू शकते.

आणि जुने गॅस्केट टाकून देण्यापूर्वी ते उजेडात धरून जरूर पाहावे. कोणत्या कडेला जळाले, कोणत्या भोकाजवळ फाटले, हे त्यावर स्पष्ट दिसते. जागा सापडली नाही, गॅस्केट सर्व बाजूंनी शाबूत दिसले, तर दोष दुसरीकडे आहे हे तेथेच समजावे. नवे गॅस्केट टाकून ट्रक पुन्हा पालीच्या पुढच्या चढावर नेण्याआधी तो शोधलेला बरा, कारण तेव्हा मागे ऊसतोडीची टोळी, तिचा संसार आणि तिची लेकरे बसलेली असतात.